कूलरपासून अभ्यास सुरू करा

तारतंत्री परीक्षेची तयारी करणारा मुलगा भेटला की मी आधी त्याचं गाईड उघडून पाहतो. बहुतेक वेळा त्यात भारतीय वीज नियम १९५६ असतात आणि नियम ४५, ४८, ६१ असे आकडे त्याला घडाघडा येतात. माझीही तयारी अशाच गाईडवर सुरू झाली होती. नागपूरजवळच्या आमच्या वाडीतल्याच एका मिस्त्रीकडून ते हातोहात माझ्यापर्यंत आलं होतं. त्यात लिहिलेलं खोटं नव्हतं, पण काळ पुढे गेला होता. २००३ चा वीज कायदा आला. त्याखाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये सुरक्षा व वीजपुरवठ्याचे विनियम काढले आणि २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे आले. १९५६ चा नियम ४५ हा २०१० मध्ये विनियम २९ झाला, अर्थिंगचा ६१ हा ४१ झाला आणि २०२३ मध्ये क्रमांक पुन्हा सरकले. म्हणून अर्ज भरतानाच अभ्यासक्रम नीट वाचा. उत्तरात क्रमांक लिहिलात तर त्याच्यापुढे साल लिहा. साल नसलेला क्रमांक तपासणाऱ्याला अर्धवट वाटतो, आणि तो अर्धवटच असतो.

आकड्यांपेक्षा त्यामागचा आशय पक्का करा, कारण तो फारसा बदललेला नाही. दिवा, पंखा, फ्यूज, बटण होतं तसंच बदलायला परवाना लागत नाही. पण मांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलणारं काम परवानाधारक ठेकेदाराने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या तारतंत्र्याकडूनच करून घ्यायचं असतं. हे समजलं की हा परवाना कशासाठी आहे तेही समजतं.

माझ्या तयारीला खरं वळण एका प्रश्नाने दिलं. आमच्या भागात एक निवृत्त लाइनमन काका राहतात. संध्याकाळी त्यांच्याकडे बसून मी उजळणी करायचो. एकदा त्यांनी विचारलं, "कूलरला थ्री पिन लावलीस, अर्थची तार बॉडीला जोडलीस. आता पंपाची वायर सोलली आणि फेज पत्र्याला लागला. माणूस वाचेल?"

मी म्हटलं, "हो काका, फ्यूज उडेल."

"आणि खड्ड्याचा अर्थ वीस ओहम निघाला तर?"

त्यांनी वही ओढली आणि मला भागाकार करायला लावला. २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअर. बोर्डात एमसीबी १६ अँपिअरचा. साडेअकरा त्याला नेहमीच्या लोडसारखेच वाटतात, तो पडत नाही. सी प्रकारच्या १६ अँपिअर एमसीबीला झटक्यात पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. तोवर कूलरच्या पत्र्यावर जवळपास पूर्ण दाब तसाच राहतो, अर्थिंग जोडलेलं असूनही. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून पाणी टाकणाऱ्याच्या शरीराचा विरोध हजार ओहम धरला तर त्याच्यातून २३० मिलीअँपिअर जातील. जीव जायला त्याहून कितीतरी कमी पुरतात. आणि एमसीबीच्या हिशेबात हा प्रवाह पाव अँपिअरसुद्धा नाही.

नागपुरात हे गणित पुस्तकातलं राहत नाही. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. पाणी टाकण्याआधी कूलर बंद करा, प्लग काढा, असं आवाहन महावितरण वारंवार करतं. तरी टिल्लू पंप चालू ठेवून पाइप धरणारं कोणी ना कोणी प्रत्येक गल्लीत दिसतं. ज्याला या परीक्षेतून पुढे लोकांच्या घरात काम करायचं आहे, त्याने अर्थिंगचा धडा सगळ्यात आधी आणि सगळ्यात सावकाश वाचावा असं मला मनापासून वाटतं.

हा धडा वाचताना आयएस ३०४३ मधले आकडे मातीसकट लक्षात ठेवा. जीआय पाइपचा इलेक्ट्रोड किमान ३८ मिलिमीटर व्यासाचा आणि अडीच मीटर लांबीचा. प्लेट असेल तर ६० बाय ६० सेंटिमीटर, तांब्याची ३.१५ मिलिमीटर आणि जीआयची ६.३ मिलिमीटर जाडीची. पाइप इतका खोल कशासाठी? आपल्याकडची काळी माती मे महिन्यात तडकते आणि इलेक्ट्रोडपासून सुटते. मुरमात तर ओल टिकतच नाही. पावसाळ्यात तीन ओहम दाखवणारा खड्डा उन्हाळ्यात कुठल्या कुठे गेलेला असतो, आणि कूलर नेमके तेव्हाच चालतात. खड्ड्यावर नरसाळं आणि पाणी टाकायची सोय असते ती याचसाठी.

यावर इलाज म्हणजे ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, ज्याला आपण सरसकट ईएलसीबी म्हणतो. फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने पूर्ण परतला नाही, तर तो फरक ओळखून तो पुरवठा तोडतो. त्याच्यावरचं टेस्ट बटण दाबून पाहायचं असतं, हे तोंडी परीक्षेत आवर्जून सांगा. सॉकेटमध्येच अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. मागे कुठे न्यूट्रल तुटला तर बॉडीवर सरळ फेज येतो. असं काम दिसलं तर ते तसंच ठेवून घरी जाऊ नका.

बाकीचे काही आकडे आपल्या रस्त्यावरच पाठ होतात. अमरावती रोडवर गोदामांपुढे उंच माल भरलेले ट्रक उभे असतात. रस्ता ओलांडणारी कमी दाबाची तार जमिनीपासून किमान ५.८ मीटर आणि ११ केव्हीची ६.१ मीटर का हवी, ते तिथे उभं राहिलं की डोक्यात बसतं. इमारतीपासून ११ केव्हीचं अंतर आडवं १.२ मीटर आणि उभं ३.७ मीटर. कमी दाबाच्या तारेचं आडवं तितकंच, उभं २.५ मीटर. उंची आणि उभी अंतरं तारेला जास्तीत जास्त झोळ असताना मोजायची. जानेवारीत पुरेशी वाटलेली उंची मेच्या उन्हात तार लांबली की कमी पडते. लेआउटमध्ये गॅलरी पुढे काढणाऱ्या घरमालकालाही हेच सांगावं लागतं.

मेगरची चाचणी करून पाहिल्याशिवाय परीक्षेला जाऊ नका. ५०० व्होल्ट डीसी एक मिनिट, इन्सुलेशन किमान एक मेगओहम, हे वाक्य सगळ्यांना येतं. पण त्याआधी मेन बंद करायचा आणि पुरवठा नाही याची खात्री करायची हे सांगायचं राहून जातं. प्रात्यक्षिकात हातापेक्षा क्रमाकडे लक्ष असतं. बटण फेजमध्येच, न्यूट्रलमध्ये वेगळा फ्यूज नाही, अर्थची तार हिरवी. टी जॉइंट, मॅरीड जॉइंट घरी तुकड्यांवर करून बघा, ते सरावाने जमतात. वर्षानुवर्षं काम केलेला माणूस इथे अडखळताना मी पाहिला आहे. काम बरोबर करतो, पण ते तसं का करतो हे त्याला शब्दांत मांडता येत नाही. त्याने रोज एक काम घरातल्या कोणाला तरी तोंडाने समजावून सांगावं.

शॉक लागलेल्या माणसाचं काय कराल, या प्रश्नाची तयारी ठेवा. आधी पुरवठा बंद. ते जमत नसेल तर कोरड्या जागेवर उभं राहून कोरड्या लाकडाने त्याला बाजूला करायचं, हाताने धरायचं नाही. श्वास नसेल तर लगेच कृत्रिम श्वास सुरू करायचा, नाडी लागत नसेल तर छातीवर दाब द्यायचा, आणि मदत येईपर्यंत थांबायचं नाही. शॉक ट्रीटमेंटचा तक्ता गोदामात, कारखान्यात भिंतीवर लावलेला असतो. पुढच्या वेळी कामावर गेलात की पाच मिनिटं काढून तो पूर्ण वाचा आणि बरोबरच्या हेल्परलाही वाचून दाखवा.