वाल्देरामाला पाहुणे म्हणून खेळताना

प्रश्न : पुण्यात क्लबवर नियमित गोल्फ खेळतो. स्पेनला जाणार आहोत. वाल्देरामासारख्या सभासदांच्या क्लबमध्ये बाहेरच्यांना खेळता येतं का?

उत्तर : येतं, पण आधी ठरवून. पाहुण्यांसाठी मोजक्याच वेळा राखलेल्या असतात. म्हणून विमानाची तिकिटं काढण्याआधी क्लबला लिहा. हँडिकॅपचा दाखला जवळ हवाच. क्लब सोतोग्रांदेला आहे; मलागाहून गाडीने साधारण दीड तासात तिथे पोहोचता येतं.

रॉबर्ट ट्रेंट जोन्स (थोरले) यांनी आखलेल्या या मैदानावर 1997 मध्ये रायडर कप झाला. युरोपच्या मुख्य भूमीवरचा तो पहिलाच. 2006 मध्ये आपल्या जीव मिल्खा सिंगने इथेच व्होल्वो मास्टर्स जिंकली.

इथे नुसत्या ताकदीचं काही चालत नाही. बुचाच्या ओकवृक्षांच्या फांद्या फेअरवेवर झुकलेल्या असतात. साल काढलेल्या खोडांचा तांबूस रंग जवळून बघाच. ग्रीन लहान आहेत आणि वारा दिशा बदलतो. पूर्वेचा लेवांते आणि पश्चिमेचा पोनिएंते यांत क्लबची निवड पार बदलते. सतराव्या होलला ग्रीनसमोर तळं आहे. तिथे मोह आवरा आणि दुसरा फटका तळ्याअलीकडेच थांबवा.

कॉलरचा शर्ट घाला, फोन बंद ठेवा, बंकर सारखा करा आणि ग्रीनवरची चेंडूची खूण बुजवा. सभासदांनी जिवापाड जपलेल्या या मैदानाचा मान तुम्हीही राखलात, की पाहुणचार मनापासून होतो.