शिंगराला उभं राहायला कोण शिकवतं?

दत्तजयंती आली की आपल्या सारंगखेड्यात तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोडेबाजार. मारवाडी, काठेवाडी घोडे लांबून येतात. बाजार तर तुम्ही फिरताच, पण या वेळी एक गोष्ट बारकाईने बघा. घोड्याला जन्मतःच काय येतं आणि काय शिकवावं लागतं?

शिंगरू जन्मलं की साधारण तासा-दोन तासांत लटपटत्या पायांनी उभं राहतं आणि आईचं दूध शोधतं. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. यालाच सहजप्रवृत्ती म्हणतात. घोडा मुळात मोकळ्या माळावरचा, गवत खाणारा प्राणी. शिकारी प्राणी आला तर पळणं हाच त्याचा बचाव. ज्याला लवकर पळता आलं ते वाचलं. म्हणूनच आजही कागद फडफडला तरी घोडा बिचकतो.

आता लग्नातला घोडा आठवा. कानाजवळ ढोल वाजतोय, फटाके फुटतायत, पाठीवर नवरदेव, आणि हा ठेक्यावर पाय उचलतोय! हा उपजत गुण नाही. आधी लांबून आवाज ऐकवायचा, मग हळूहळू जवळ आणायचा. आवाज झाला पण इजा झाली नाही, असा अनुभव पुन्हा पुन्हा आला की भीती कमी होते. पाय बरोबर उचलला की लगेच गूळ द्यायचा. लगेच म्हणजे लगेच. उशिरा दिला तर गूळ कशाबद्दल मिळाला हे त्याला कळत नाही. मारूनही घोडा ऐकतो, पण तो काम शिकण्याआधी माणसाला भ्यायला शिकतो. (भोवरे बघून घोडा पारखणारे बरेच भेटतील. पण तो काय शिकेल हे भोवऱ्यावरून कसं कळणार?)

घोडा किती बारीक शिकतो याचं जर्मनीतलं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा गणितं सोडवायचा. उत्तर सात असेल तर सात वेळा पाय आपटायचा. लोक थक्क! 1907 मध्ये ऑस्कर फुंगस्ट यांनी तपासणीचा अहवाल मांडला. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्स चुकायचा. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, तेवढ्यावर तो थांबायचा. त्याला गणित येत नव्हतं, माणूस वाचता येत होता.

आणि आपण? बाळाला दूध ओढणं, बोट घट्ट धरणं उपजत येतं. चालायला मात्र साधारण वर्ष लागतं. बोलणं, लिहिणं, पोहणं, सगळं शिकूनच. पण आपण दुसऱ्याचा अनुभव ऐकून किंवा वाचूनही शिकतो. तापीत डोह कुठे आहे हे कळायला प्रत्येकाने बुडून बघावं लागत नाही.

एक मात्र आहे. फळ्यापाशी उत्तर सांगताना काही मुलं आकड्याकडे न बघता बाईंच्या चेहऱ्याकडे बघतात. तेव्हा मला हान्स आठवतो, आणि मी खिडकीकडे तोंड करून विचारते, "हे उत्तर कसं आलं, सांग बरं."

कृती : घरातलं वासरू, करडू किंवा कोंबडीचं पिल्लू आठवडाभर बघा. वहीत दोन रकाने आखा : 'न शिकवता आलं' आणि 'अनुभवाने आलं'. शंका वाटली तर आजोबांना विचारा.