तृष्णेची लाट

व्यसन म्हणजे दुर्बळ मनाचा दोष, ही समजूत जुनी आहे. वस्तुतः तो मेंदूचा व वर्तनाचा विकार असून त्यावर उपचार होऊ शकतात. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण पुरुषांहून कमी असल्यामुळे तेवढ्याच मद्याने त्यांच्या रक्तातील मद्यार्क अधिक वाढतो. शिवाय लोकनिंदेच्या भयाने विकार लपविला जातो आणि उपचारास विलंब होतो.

मद्य सुटले तरी खरी कसोटी पुढेच असते. ओळखीचा वास, घरातील कलह किंवा एकटेपण निमित्त होते आणि सेवनाची तीव्र इच्छा उसळते. तिला आपण तृष्णा म्हणू. सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लॅट (१९४१–२०११) यांनी तिला लाटेची उपमा दिली. लाट चढते, शिखर गाठते व ओसरते. रुग्ण स्त्रीने तिच्याशी झुंजू नये आणि तिच्याबरोबर वाहतही जाऊ नये. श्वासावर चित्त ठेवून छातीची धडधड, घशाची कोरड, हातांचा कंप यांचे केवळ निरीक्षण करावे. यालाच सजगता म्हणतात. बौद्ध ध्यानपरंपरेत तिचे मूळ आहे.

अमेरिकेतील एका निवासी उपचारकेंद्रात गुन्ह्यांसाठी दोषी ठरलेल्या १०५ स्त्रियांवर असा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. एका गटास व्यसन पुन्हा जडू नये यासाठीचे नेहमीचे शिक्षण दिले, दुसऱ्यास त्याबरोबर सजगतेचा अभ्यास. १५ आठवड्यांनंतर दुसऱ्या गटात सेवनाचे दिवस कमी आढळले.

संगीताचे साहाय्य निराळ्या प्रकारचे आहे. जे दुःख शब्दांत सांगता येत नाही, ते गाण्यातून किंवा तालवाद्यातून व्यक्त होते. समूहात गाताना एकटेपणही ओसरते. २०२२ साली २१ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड दिल्यास तृष्णा कमी होण्याचा संभव आहे, मात्र एका बैठकीने फारसे साधत नाही, असे त्यात दिसून आले. गाण्यांची निवडही जपून करावी लागते. मद्यपानाशी जोडलेले एखादे आवडते गीतच तृष्णा जागी करू शकते.

हे दोन्ही उपाय पूरक आहेत, हे विसरू नये. दीर्घकाळ अतिमद्यपान करणाऱ्या व्यक्तीने मद्य एकाएकी सोडल्यास झटके येऊन प्राणावर बेतू शकते. म्हणून प्रथम वैद्यकीय देखरेख आवश्यक आहे. सजगता व संगीत यांचा खरा उपयोग त्यानंतरच्या दीर्घ वाटचालीत होतो.