मध्यंतरावर चालणारा धंदा

प्रश्न : माझ्या हातचे साबुदाणा वडे आणि मसाला दूध सगळ्यांना आवडते. सवाई गंधर्व महोत्सवात खाण्याच्या स्टॉलवरची गर्दी पाहिली आणि वाटले, आपणही संगीताच्या कार्यक्रमांत स्टॉल लावावा. फेरीवाल्याचा परवाना काढला की पुरे का? हजारो श्रोते म्हणजे चांगली कमाई होईलच ना?

उत्तर : आधी परवान्याचे बघू. फेरीवाल्यांचा 2014 चा कायदा रस्त्यावरच्या विक्रीसाठी आहे. महोत्सवाचे मैदान आयोजकांच्या ताब्यात असते, तिथे त्यांचीच लेखी परवानगी लागते. सवाईचे आयोजक आर्य संगीत प्रसारक मंडळ आहे, तसे प्रत्येक कार्यक्रमाचे कोणीतरी असतेच. त्यांच्याकडे काही महिने आधी जायचे. ‘दोन-चार दिवसांच्या स्टॉलला अन्न खात्याची नोंदणी कशाला?’ असे पुष्कळांना वाटते, पण तात्पुरत्या स्टॉललाही ती लागते. ऑनलाइन अर्ज करता येतो. घरचा 14.2 किलोचा सिलिंडर मात्र तिथे नेऊ नका. धंद्यासाठी 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडरच हवा.

आता कमाई. हजारो श्रोते ही संख्या फसवी आहे, कारण गाणे रंगले असताना जाणकार श्रोता जागचा हलत नाही. तो उठतो दोन कलाकारांच्या मधल्या वेळात, आणि मग सगळेच एकदम उठतात. म्हणून हिशेब श्रोत्यांचा नको, मिनिटांचा करा. समजा, तीन दिवसांचे भाडे 15,000 रुपये आहे आणि प्लेटमागे तुम्हाला 20 रुपये सुटतात. नुसते भाडे निघायला 750 प्लेट, म्हणजे रोज 250 विकायला हव्यात. रोज वीस-वीस मिनिटांची दोन मध्यंतरे धरली आणि एका माणसाने दर 20 सेकंदांना एक प्लेट दिली, तर त्याच्या हातून 120 प्लेट जातील. दोघांनी मिळून 240. दोघे क्षणभरही न थांबता राबले तरी मध्यंतरांत भाडेसुद्धा निघत नाही! उरलेली विक्री लोक येताना आणि परतताना करावी लागते.

यातूनच पदार्थ ठरतो. साबुदाणा वडा मंद आचेवर निवांत तळावा लागतो आणि गार झाला की चिवट होतो. पुढे रांग आणि कढईत अजून कच्चे वडे, अशी वेळ हमखास येणार. मसाला दूध कढईतून थेट ग्लासात जाते, आणि पुण्यातल्या डिसेंबरच्या थंडीत त्याला मागणीही असते. माझे मत विचाराल तर पहिल्या वर्षी दूध आणि सोबत एखादा कोरडा, आधी करून ठेवता येणारा पदार्थ, एवढेच ठेवा. पाटीवर दहा पदार्थ असले की गिऱ्हाईक विचार करत उभे राहते आणि तुमची वीस मिनिटे त्यातच जातात.

कार्यक्रमाची वेळही पाहा. पूर्वी सवाई रात्रभर चाले. ध्वनिक्षेपकावर रात्री दहाची मर्यादा आल्यापासून मैफली दुपारीच सुरू होतात, मध्यरात्रीपर्यंतची सवलत मोजक्याच दिवशी मिळते. साहजिकच पहाटेच्या चहाची जागा आता संध्याकाळच्या खाण्याने आणि रात्रीच्या जेवणाने घेतली आहे. दिवाळी पहाटेचे गणित आणखी वेगळे. घरी फराळ वाट पाहत असतो, त्यामुळे तिथे चहा-कॉफीपलीकडे फारसे खपत नाही. भाडे परवडण्याजोगे असेल, तर पहिला अनुभव घ्यायला मात्र असा एका सकाळचा कार्यक्रम फार चांगला.

पाण्याची बाटली गर्दीत जास्त दराने विकता येते, हाही गैरसमज आहे. छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेणे नियमबाह्य आहे. प्लास्टिकचे चमचे, पेले, ताटल्या यांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे, तेव्हा कागदी ग्लास किंवा पत्रावळीचे द्रोण घ्या. गर्दीत मोबाइलचे नेटवर्क अडते आणि क्यूआर कोड असूनही पैसे जमा होईनात, अशी वेळ येते. सुट्टे पैसे भरपूर ठेवा आणि दर पूर्ण दहाच्या पटीत लावा.

आयोजकांना भेटाल तेव्हा भाड्याआधी दोन गोष्टी विचारा : मध्यंतर किती मिनिटांचे, आणि आपल्या पदार्थाचे किती स्टॉल असणार? दुधाचा चौथा स्टॉल तुमचा असेल, तर त्या वर्षी नकार द्या आणि दुसरा कार्यक्रम शोधा.