ढेकर आला म्हणजे गॅसच होता?

"डॉक्टर, गॅसच आहे. ओवा खाल्ला की उतरतो." हे वाक्य छातीवर हात ठेवून कुणी म्हणालं की माझ्याच पोटात गोळा येतो.

गेल्या पावसाळ्यात एक किराणा दुकानदार पहाटे आले. वय ५२, मधुमेह. रात्री दोनपासून छाती आवळल्यासारखी होत होती. त्यांनी ओवा-पादेलोणाच्या तीन फक्क्या मारल्या, मोठा ढेकर आला, बरं वाटलं म्हणून पडून राहिले. माझ्यासमोर बसले तेव्हा सदरा घामाने अंगाला चिकटला होता आणि तळहाताला ओव्याचे दोन दाणे. ईसीजीत हार्ट अटॅक स्पष्ट होता. ते वाचले, पण त्या चार तासांत हृदयाचा स्नायू मेला तो मेलाच. आता जिना चढताना त्यांना धाप लागते.

ओव्याला मी नावं ठेवत नाही. त्यातल्या थायमॉलमुळे त्याला तो उग्र वास येतो. ते जंतुनाशक आहे, म्हणून माउथवॉशमध्येही घालतात. जड जेवणानंतर चिमूटभर ओवा चावून वर कोमट पाणी प्या, फुगलेलं पोट हलकं होतं. माझ्या घरीही डबा भरलेला असतो. (कुंडीतल्या ज्या जाड पानांची आपण भजी करतो तो पानओवा, ते झाड वेगळं.) पण हृदयाच्या दुखण्यातही मळमळतं, ढेकर येतात, कळ मध्येच ओसरते. नेमका तेव्हा ओवा खाल्लेला असतो, आणि श्रेय त्याला जातं.

छातीवर दडपण, कळ हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, दरदरून घाम, चालताना सुरू होऊन थांबल्यावर जाणारी जळजळ, यातलं काहीही असेल तर फक्की मारू नका. मधुमेही, वयस्कर माणसं आणि बायकांमध्ये कधी कधी छाती दुखतच नाही, नुसती धाप आणि गळाठा. १०८ ला फोन करा. स्वतः स्कूटर हाणत येऊ नका. पहिला ईसीजी चांगला आला तरी दुखणं चालू असेल तर पुन्हा काढावा लागतो, घरी जायची घाई करू नका.

आणि ओव्याच्या काढ्याने ब्लॉकेज मोकळं होतं, हा व्हॉट्सॲपवरचा मजकूर कृपया पुढे पाठवू नका. तो वाचून रक्तदाबाच्या गोळ्या बंद केलेली माणसं माझ्याकडे येतात.

आजींनो, मुलांची झोपमोड नको म्हणून तुम्ही अंधारात ओव्याचा डबा चाचपता, मला ठाऊक आहे. उठवा त्यांना.