मूत्रपिंडविकारांची राष्ट्रीय नोंदवही : कारभार कोणाचा?

अवयव प्रत्यारोपणाची राष्ट्रीय नोंद ठेवण्याची जबाबदारी २०११ च्या सुधारणा कायद्याने केंद्र शासनावर टाकली. जीर्ण मूत्रपिंडविकाराची नोंदवही मात्र ‘इंडियन सोसायटी ऑफ नेफ्रॉलॉजी’ या तज्ज्ञांच्या संस्थेने स्वतःहून उभारली. माहिती पाठविणे न पाठविणे ज्याच्या त्याच्या इच्छेवर. सक्ती नसताना १९९ केंद्रांतून ५२,२७३ रुग्णांची नोंद व्हावी व २०१२ साली तिचा अहवाल निघावा, ही लहान गोष्ट नव्हे. त्यात ३१ टक्के रुग्णांत कारण मधुमेह, तर १६ टक्क्यांत कारण अनिश्चित. सुमारे ४८ टक्के रुग्ण आले ते थेट पाचव्या, म्हणजे अखेरच्या अवस्थेत. सरकारी रुग्णालयांतील रुग्ण अधिक गरीब, वयाने लहान, आणि ‘कारण अज्ञात’ हा शेरा त्यांच्याच माथी अधिक.

पण स्वेच्छेच्या वहीत तज्ज्ञापर्यंत पोहोचलेलाच रुग्ण येतो. बैहरच्या जंगलपट्टीतला रुग्ण नागपूर गाठील आणि तेथे कोणी लिहील, तरच तो मोजला जाणार. शिवाय हा अहवाल केवळ प्रौढांचा. लघवीची धार बारीक असलेला मुलगा, वारंवार मूत्रसंसर्गाने तापणारी मुलगी आम्हा बालरोगतज्ज्ञांकडे येतात. तेव्हा निदान हुकले, तर पंचविशीत तेच ‘अज्ञात’ ठरू शकतात. ती पहिली ओळ आमच्याच केसपेपरवर लिहिली जावयास हवी होती.