एकट्याची वाट गावातून जाते

एकट्याने गडावर जायची इच्छा बऱ्याच जणांच्या मनात असते आणि ती घरच्यांच्या एका प्रश्नाशी येऊन थांबते: "सोबत कोण आहे?" प्रश्न रास्त आहे. "कुणी नाही, पण सगळी तयारी करून चाललोय," असं खरं उत्तर देता आलं की निघावं. तोवर निघू नये.

ग्रुपबरोबर गड करणारे बहुतेकजण वाट बघतच नाहीत, पुढच्याच्या टाचा बघतात. त्यामुळे राजगडला अनेकदा जाऊन आलेल्यालाही चोर दरवाजाची वाट रानातून नेमकी कुठे वळते, हे सांगता येत नाही. कधी थांबायचं, पाणी किती उरलंय, ढग भरून आलेत का, हा सगळा विचार दुसरं कुणीतरी करत असतं. एकटे निघालात की तो तुमच्याकडे येतो. मला एकट्याच्या भटकंतीतलं सगळ्यात मोठं सुख हेच वाटतं. दिवसभर डोळे, कान आणि पाय एकाच कामाला लागलेले असतात.

म्हणून पहिला एकट्याचा गड नवा नसावा, आधी कुणाबरोबर तरी केलेला असावा. पुणेकरांना राजगडच सुचवेन. पाली दरवाजाची वाट रुंद आणि पायऱ्यांची आहे, तिथे चुकायला फारशी जागा नाही. गुंजवण्याहून चोर दरवाजाने चढायचं तर रान लागतं, वर रेलिंग धरून चढायचा खडा कातळ लागतो आणि मग आपण पद्मावती तलावापाशी निघतो. मुंबईकरांनी मळवली स्टेशनवर उतरून भाज्यावरून लोहगडवाडी आणि लोहगड करावा. दिवस ऑक्टोबर ते फेब्रुवारीतले निवडावेत. पावसाळ्यात शनिवार-रविवारी लोहगडावर जत्रा असते, पण आडवाटेला धुकं उतरलं की दहा पावलांपुढचं दिसत नाही. तो काळ पहिल्या वेळेचा नव्हे.

आता गावाबद्दल. वीसजणांचा ग्रुप बसमधून उतरतो, सॅका चढवतो आणि कुणाशी न बोलता गावातून निघून जातो. एकट्याला ती चैन परवडत नाही. पायथ्याच्या शेवटच्या घरापाशी थांबा, पाणी मागा, बोला. "एकटंच का?" हा प्रश्न येणारच. खरं सांगा: कुठल्या वाटेने चढणार, कुठून उतरणार, किती वाजता परत येणार. तुमचा नंबर द्या, त्यांचा घ्या. "काका, पाचपर्यंत उतरतो, आलो की सांगून जातो," एवढं बोलणं झालं की वर काही झालं तरी पाचनंतर कुणीतरी डोंगराकडे बघणार असतं. वाट कुठे ढासळलीये, कुठल्या टाक्यात पाणी आहे, कुठल्या कड्याला आग्या मोहोळ बसलंय, ही त्या आठवड्याची माहिती फक्त त्याच घरात मिळते. उतरल्यावर सांगायला मात्र विसरायचं नाही. न सांगता परस्पर एसटी धरलीत तर लोक रात्री बॅटऱ्या घेऊन तुम्हाला शोधत हिंडतील, आणि पुढच्या एकट्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

हाच मजकूर घरी एका माणसाकडे लिहून ठेवा. खाली ही ओळही हवी: "रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर या नंबरवर बोल, नाहीतर ११२ लाव." २००३ मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यात ॲरन राल्स्टन एका अरुंद घळीत एकटाच उतरला आणि सुटलेल्या दगडाखाली त्याचा हात अडकला. पाच दिवसांनी स्वतःचा हात कापून तो सुटला. तो चांगला अनुभवी गिर्यारोहक होता. फक्त कुठे चाललोय, हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

सह्याद्रीत एकट्याला फसवतात त्या ढोरवाटा. मळलेली पायवाट चालता चालता दुभंगते, एक फाटा सपाटीने आडवा जातो आणि तोच जास्त रुळलेला दिसतो. तो गुरांचा. ओळखायची खूण अशी: खाली शेणाचे पो आणि खुरांनी उकरलेली माती, पण छातीच्या उंचीवर कारवीच्या फांद्या मिटलेल्या. गुरं खालून जातात, त्यामुळे वरचं झुडूप कुणी मोडत नाही. माणसांच्या वाटेवर डोक्यापर्यंत मोकळीक असते, कोयत्याने तिरकी छाटलेली काडी दिसते, पायाखालचे दगड बुटांनी गुळगुळीत झालेले असतात. प्रत्येक फाट्यावर थांबून मागे वळून बघायची सवय लावा आणि त्या बाजूचा फोटो काढा. उतरताना ती जागा तशीच दिसणार असते, चढताना दिसली तशी नाही.

तरीही चुकलात, तर आधी बसा. पाणी प्या, दहा मिनिटं जाऊ द्या आणि ओळखीच्या शेवटच्या जागेपर्यंत मागे या. ओढ्याच्या पात्रातून खाली सुटायचा मोह होईल, कारण पाणी गावाकडेच जाणार असं वाटतं. आपल्या डोंगरात हा हिशेब जिवावर बेततो. सह्याद्री लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा आहे. मऊ थर झिजतात, कठीण थर कड्यासारखे उभे राहतात. म्हणून ओढा थोडा वेळ सोपा उतरतो आणि अचानक कोरड्या धबधब्याच्या तोंडाशी आणून सोडतो. पुढे उतरता येत नाही, मागे चढवत नाही. एकट्याने अनोळखी ओढ्यात उतरायचं नाही.

बाकी सामान थोडक्यात. तीन लिटर पाणी, आणि त्यातलं निम्मं संपलं की जिथे असाल तिथून माघारी. विजेरी, एका दिवसाची मोहीम असली तरी. शिट्टी: मिनिटाला सहा फुंका, मग मिनिटभर थांबा, पुन्हा सहा, ही मदतीची खूण जगभर चालते. बॅटरी वाचवायला फोन फ्लाइट मोडवर ठेवा, गरज पडली की चालू करा. दरीत रेंज नसली तरी धारेवर, माचीवर बहुधा मिळते. दगडाच्या फटीत हात घालू नका, फुरसं तिथेच असतं. चावलंच तर धावत सुटू नका, बसून फोन लावा आणि तो अवयव शक्य तितका स्थिर ठेवा. अत्तर, सेंट लावून जाऊ नका, मधमाश्या चवताळतात.

एकट्या मुलींना सगळे भीतीच घालतात, माहिती कुणी देत नाही. माझं मत असं की पहिल्या काही वेळा दिवसाउजेडी परत यावं. मुक्काम करायचाच तर गडावर नको, गावात करावा, आणि तोही घरातल्या बाईशी बोलून ठरवावा. मावशींच्या घरी जेवण आणि अंथरूण ठरलं की आख्खा गाव तुमचा पत्ता जाणतो.

दोर लागतो तिथे मात्र एकट्याने जाऊ नये, यात मला तडजोड मान्य नाही. लिंगाणा, ढाक बहिरी, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट या जागा जाणकारांच्या सोबतीने करायच्या. घसरलात तर खाली जाऊन सांगायला कुणी नसतं, आणि शोधायला येणारी रेस्क्यूची पोरं आपली नोकरी-धंदा सोडून स्वखुशीने आलेली असतात.

राजगड एकट्याने नीट जमला की पुढचा पल्ला राजगड ते तोरणा. संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून उतरायचं, धारेने चालत बुधला माचीवर चढायचं आणि वेल्ह्यात उतरायचं. दिवस मोठा होतो आणि वाटेत पाण्याची खात्री नाही, म्हणून सगळं पाणी राजगडावरूनच भरून घ्या. मधल्या खिंडीत गाडीरस्ता आडवा येतो. दुपारी एकपर्यंत तिथे पोहोचला नाहीत तर तोरणा सोडा आणि त्याच रस्त्याने वेल्ह्याकडे चालू लागा.